दुसरा कॅमेरा खिशात मावणाराच हवा

चळवळीतल्या माणसाला कॅमेऱ्याची चैन कशाला, आणि तीही दुसऱ्या कॅमेऱ्याची? ताथवड्यातल्या आमच्या मित्रमंडळीत हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणाऱ्याच्या हातात महागडा मोबाईल होता, हे मुद्दाम नोंदवतो.

प्रश्न चैनीचा नाही, वजनाचा आहे. डीएसएलआर, त्यावरची मोठी झूम लेन्स आणि जास्तीची बॅटरी मिळून दोन किलोंच्या आसपास भरतात. 6 डिसेंबरला दादरला उतरून चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहताना हे ओझे मानेवर बसते. त्याहून वाईट म्हणजे तो काळा ठोकळा डोळ्याला लावला की समोरची आई पदर सावरते, पोराला सरळ उभे करते आणि विचारते, "कोणत्या पेपरातून आलात, साहेब?" तिच्यासोबत रांगेत उभा असलेला मी एका क्षणात 'साहेब' होऊन रांगेबाहेर! आपली गर्दी दुरून, उंचावरून टिपणारे कॅमेरे पुष्कळ आहेत. त्यांत डोकी दिसतात, चेहरे नाहीत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे जवळ जाऊन टिपणारे सुधारक ओलवे यांच्यासारखे छायाचित्रकार मोजकेच.

मग मोबाईल काय वाईट? उन्हात काहीच वाईट नाही. पण मोबाईलमधला फोटो व्हॉट्सअॅपवर जातो, तिथे दाबून लहान होतो, आणि मोबाईल बदलला की मूळ प्रतही जाते. माझ्या आजोबांचा एकुलता एक फोटो कारखान्याच्या गेटपासावरून मोठा करून घेतलेला आहे. त्यांच्या पिढीकडे कॅमेरा नव्हता. आपल्याकडे आहे, तरी आपणही मागे काहीच ठेवणार नसू, तर दोष कोणाला देणार?

मी दोन कॅमेरे तोलून पाहिले. रिको जीआर 3 (2019) बॅटरीसह 257 ग्रॅम, सेन्सर मोठा, एपीएस-सी. पण लेन्स एकच, 28 मिमी, एफ 2.8, झूम नाही. दुसरा सोनीचा आरएक्स 100 मार्क 3 (2014), 290 ग्रॅम, एक इंची सेन्सर, 24 ते 70 मिमी, एफ 1.8 ते 2.8. रिकोचा सेन्सर क्षेत्रफळाने सुमारे तिप्पट, तर रुंद टोकाला सोनीची लेन्स जवळजवळ अडीच पट प्रकाश आत घेते. म्हणजे अंधारातला हिशेब फारसा लांब राहत नाही. बॅटरीत रिको कमी पडतो, एका चार्जिंगमध्ये साधारण 200 फोटो.

निर्णय झाला तो कार्ल्यामुळे. आमच्याकडून आकुर्डीला जायचे, लोकल धरायची, मळवलीला उतरायचे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहात फ्लॅश मारू नये, आणि प्रकाश येतो तो मुख्यतः समोरच्या कमानीच्या खिडकीतून. तिथे दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकटचा गंधी आहे, सुतार आहे, यवन आहेत. राजांच्या बरोबरीने हातांनी काम करणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षे दगडावर टिकली आहेत! उंचावरची ही अक्षरे 28 मिमीने मुंगीएवढी येतात. तिथे 70 मिमीच लागते. म्हणून सोनी, तोही वापरलेला. रीलवाल्यांमुळे जुन्या कॉम्पॅक्टलाही हल्ली भाव आला आहे. घेताना लेन्स आत-बाहेर करून पाहा, आकाशाचा फोटो एफ 11 ला काढून धुळीचे डाग तपासा. आपल्या चाकण-हिंजवडी पट्ट्यातली धूळ अशा कॅमेऱ्यात शिरली की घरी साफ करता येत नाही.

मोठा कॅमेरा मी विकलेला नाही. सभेला, मंचावरच्या भाषणाला तोच नेतो. पण देहूरोडला, जिथे बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिथे यंदा वर्धापनदिनाला फक्त छोटा नेणार आहे. सोबत एक वही. ज्यांचा फोटो काढीन, त्यांना आधी विचारीन आणि त्यांचे नाव, गाव, काम त्यांच्याच हाताने लिहून घेईन.