टक् टक् टक्

सिॲटलमध्ये पिकलबॉलविरुद्ध बोलणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्शाला नावं ठेवणं. समोरच्याच बेनब्रिज बेटावर 1965 साली हा खेळ जन्मला, आणि 2022 पासून तो वॉशिंग्टनचा अधिकृत राज्यखेळ आहे. तरी कोर्ट कुठे बांधायचं म्हटलं की सगळे हमरीतुमरीवर येतात.

2024 मध्ये लिंकन पार्कात कोर्टं करायचं घाटत होतं. झाडा-पक्ष्यांची बाजू घेणारे असे काही उठले की पालिकेला बेत गुंडाळावा लागला. मग नजर गेली रस्त्यापलीकडच्या सॉल्स्टिस पार्ककडे, तिथल्या टेनिस कोर्टांकडे. आता टेनिसवाले नाराज!

खरी गोम आहे ती आवाजात. टेनिसचा चेंडू मऊसर वाजतो. इथे भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू, टणक फळी, आणि टक्-टक्-टक्, तेही ताल सोडून. खिडकी लावली तरी कान पुढच्या टक्ची वाट बघत राहतो. पण खेळणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. गुडघे कुरकुरणारी माणसं इथे भल्या सकाळी हसतखिदळत खेळतात. पुन्हा कोर्ट जेमतेम 44 बाय 20 फुटांचं, बॅडमिंटनएवढं. टेनिसच्या एका कोर्टाच्या जागेत चार सहज बसतात.

माझा कौल टेनिस कोर्टांवर रेघा मारण्याला. झाडं तोडून खेळायची एवढी हौस कशाला? शेजारच्या टेनिसवाल्या आजोबांना हे सांगितलं, तर त्यांनी सरळ हवापाण्यावर विषय नेला.