पिसवा मांजराच्या, चूक आमची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. फजरच्या नमाजचा सलाम फेरताच अम्मी म्हणाल्या, "माझ्या पायाला काय चावतंय, बघा जरा." घोट्याभोवती लाल पुरळ उठले होते. मुसल्ल्याच्या पांढऱ्या कडेवर एक तपकिरी ठिपका दिसला. बोट नेले तर टुणकन उडाला. पिसू होती ती.

पिसवा कुठून आल्या, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. शब्बो ही आमची मांजर घडी केलेल्या मुसल्ल्यावरच झोपायची. तिच्या पाठीवरचे केस बाजूला केले, तर काळ्या रव्यासारखे कण. ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले, तसे त्यांच्याभोवती लालसर तांबडे डाग पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे शब्बोचे पचलेले रक्त.

शेजारच्या खालांनी सोपा उपाय सांगितला. "पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. तिथे उपाशी मरणार नाही." मुलांनी रडून घर डोक्यावर घेतले. अम्मींना मांजर हवी होती, पण नमाजच्या जागी रक्ताचे डाग नको होते. मौलानांना विचारले. आमच्या कोकणात शाफई मसलक. त्यात पिसवेच्या रक्ताचे बारीक डाग माफ आहेत, असे त्यांनी समजावले, तेव्हा अम्मींना हायसे वाटले.

चूक झाली ती यानंतर, आणि ती आमच्याच हातून. शाळा सुटल्यावर दुकानात गेलो आणि म्हणालो, "पिसवांचं औषध द्या." कोणत्या जनावरासाठी हवे, हे सांगितलेच नाही. खोक्यावर कुत्र्याचे चित्र होते. पिसू ती पिसू, कुत्र्याची काय आणि मांजराची काय, असे वाटले. घरी येऊन शब्बोच्या मानेवर थेंब टाकले. वर्गात मुलांना रोज सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. खोक्यावरची बारीक अक्षरे मात्र आम्ही वाचली नाहीत.

इशाच्या सुमारास शब्बोचे कान फडफडू लागले. मग अंग थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळू लागली, पाय टेकेनात. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषधाचे नाव वाचायला सांगितले. परमेथ्रिन. "कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून तिला धुवा, कोरड्या कपड्यात गुंडाळा आणि लगेच घेऊन या," ते म्हणाले. इंजेक्शने झाली, रात्रभर तिला तिथेच ठेवले. कुत्र्याचे शरीर हे औषध पचवून टाकते, मांजराच्या यकृताला ते जमत नाही, आणि त्यात मांजर जिवानिशी जाऊ शकते, हे आम्हाला त्या रात्री कळले. परत येताना रिक्षात धाकटीने विचारले, "मग आपणच तिला मारत होतो का?" आम्ही गप्प बसलो.

दोन दिवसांनी शब्बो घरी आली, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितले, ते मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक हवे.

मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या, बाकीचा पसारा घरात असतो. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती केसांतून घरंगळून सतरंजीत, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत पडतात. अळ्या अंधारात वाढतात आणि कोष करून आत बसतात. कोषात पिसू कित्येक आठवडे थांबते आणि पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब लागली की बाहेर पडते. म्हणून औषध दिल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात. औषध वाया गेले, असे समजून दुसरे औषध लादू नये.

आम्ही मग घराकडे वळलो. चादरी, मुसल्ले, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुतले. ऊन पडले की गाद्या अंगणात. रोज कोपरे आणि फटी झाडून केर पिशवीत बांधून बाहेर टाकला. शब्बो पुरती सावरल्यावर तिचे वजन करून, डॉक्टरांनी दिलेले मांजराचेच औषध दर महिन्याला लावले. उवांसाठी असते तशी बारीक दातांची फणी तिच्यासाठी वेगळी ठेवली. निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि त्यातून पोटात चपटे जंत होतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर जंताचेही औषध लागते. लहान पिल्लांचे रक्त पिसवांनी इतके कमी होते की हिरड्या पांढऱ्या पडतात. त्यांना घरचे काही लावू नये, दवाखान्यातच न्यावे. फिनेल आणि डांबरगोळ्याही मांजराला विषारीच.

एकदा तिच्या कानामागे गोचीडही सापडली. रॉकेल लावायचे नाही, चटका द्यायचा नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची.

तीन महिन्यांनी घर मोकळे झाले. त्या दिवसांत अम्मींनी मुलांना हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत सांगितली. वुजूच्या पाण्यावर मांजर आली, तर त्यांनी भांडे तिच्यासाठी कलते केले. पाहणाऱ्या सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषितांचे (स.) म्हणणे ऐकवले, की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. आपल्यात वावरणारी म्हटल्यावर तिचे दुखणे घरातल्या माणसाच्या दुखण्यासारखेच धरायला हवे. घरातल्या माणसाला आपण नाव न वाचता औषध देत नाही.

आता शब्बोला स्वतःची गोधडी आहे, ती दर जुम्म्याला धुतली जाते. मुसल्ला कपाटात असतो. औषधाचे खोके आले की धाकटी ते आधी मोठ्याने वाचते, मगच आमच्या हातात देते.