ग्रोटोजवळचा गुलाब

लूर्दमातेच्या ग्रोटोजवळ आमच्या एका वृद्ध धर्मग्रामस्थाने पत्नीच्या स्मरणार्थ गुलाबाचे कलम लावले होते. जात 'पीस', फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ ह्यांनी निपजवलेली आणि १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, हे नाव मिळालेली. फूल मोठे, पिवळसर, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा. काका दर रविवारी मिस्सेनंतर झाडापाशी क्षणभर उभे राहत व मुकाट्याने घरी जात.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडाच्या बुडातून दोन लांबसडक फांद्या उसळून वर आल्या. खुरपे हाती घेऊन काकांनी विचारले, "फादर, ही फूट काढू का?" आम्ही हसून नकार दिला. तेवढ्यावर भागते तर बरे! पुढच्याच रविवारी प्रवचनात आम्ही तरुणांच्या उत्साहाला त्या फांद्यांची उपमा दिली. ती अनेकांना आवडली, हेही कबूल केले पाहिजे.

हिवाळा आला. झाड हिरवेगार, पण कळी एकही नाही. अखेर एका माळ्याने बुडाची माती उकरून आम्हांला सांधा दाखविला. कलमी गुलाबाची मुळे एकाची आणि फुले दुसऱ्याची. रानटी खुंटाची साल चिरून तीत हव्या जातीचा डोळा भरतात. सांध्याखालून फुटते ती फांदी खुंटाची. ती जोमाने वाढते, रस ओढून घेते आणि वरचे कलम उपासमारीने वाळते. तिला फुले आलीच तर तीही खुंटाचीच. सात पानांची फांदी रानटी, अशी खूण सर्रास सांगितली जाते; ती पुष्कळदा फसवी ठरते, कारण कलमी जातींनाही सात पाने येतात. फांदी कोठून निघाली, हेच पाहावे लागते. शिवाय ती छाटून भागत नाही. बुडाशी राहिलेले डोळे पुन्हा फुटतात. मुळाशी धरून ओढूनच काढावी लागते.

रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय आम्ही कितीदा तरी शिकविला आहे. तेथे रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर लावली जाते, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असे संत पौल स्वतःच म्हणतो. बागेत नेमके उलट चालते, हे मात्र आम्हांला कधी सुचले नव्हते. आमच्या हाती पुस्तक होते, सुरी नव्हती.

आम्ही काकांच्या घरी गेलो. "काका, तुम्हांला ठाऊक होते ना?"

"होते, फादर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही प्रवचनात सांगितलंत. मग मी काय बोलणार?"

आम्ही क्षमा मागितली. ते अवघडले आणि उठून परसात गेले. तेथे त्याच जातीचे दुसरे झाड होते, पत्नीच्या हातचे. "खुंट जिवंत आहे," ते म्हणाले, "ह्याचे डोळे तिथं भरून पाहू."

दुसऱ्या दिवशी ग्रोटोच्या फाटकाची किल्ली आम्ही त्यांच्याकडे दिली.