परमुलखातील बिऱ्हाड

उमरखेडच्या दुकानात वाढलेला मुलगा शांघायला अध्यापनासाठी निघतो, तेव्हा सारे पगार विचारतात. बिऱ्हाडाचे गणित कोणी मांडत नाही. तेथे बहुधा १ महिन्याचे भाडे अनामत आणि ३ महिन्यांचे आगाऊ द्यावे लागते. पहिला पगार त्यानंतर येतो. मेट्रोच्या शेवटच्या स्थानकांकडे भाडे उतरते. सामायिक घर आणखी स्वस्त पडते. परंतु शाकाहारी मुलाने स्वयंपाकघर आधी पाहावे. हॉटेलाबाहेर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीची २४ तासांत पोलिसांकडे नोंद आवश्यक असते. त्यास घरमालक राजी नसेल, तर स्वस्त घरही सोडावे. निघताना ४ महिन्यांच्या भाड्याची रक्कम मुलाच्या गाठीशी असावी. खेळत्या भांडवलावाचून दुकान उघडू नये, हे व्यापारी घराला निराळे सांगावे लागत नाही.