काजवे बघायला निघालात? मग एवढं वाचा

मंडळी, मे संपत आला की आपल्या घोटीत एकच प्रश्न ऐकू येतो, 'भंडारदऱ्याचा रस्ता कुठला?' शनिवारी तर मुंबईच्या गाड्यांची रांगच लागते. चहा-वडापाववाल्यांचे चार दिवस बरे जातात, त्याबद्दल तक्रार नाहीच.

मी मात्र मुद्दाम मंगळवारी गेलो. इथून साधारण ३५ किलोमीटर. बारीत डोकं वर केलं की कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच. पुढे शेंडी आणि धरण. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. इंग्रज गव्हर्नर विल्सनचं नाव धरणाला लागलं. ११ टीएमसी पाणी मावतं, त्यावर खाली प्रवरा काठचा ऊस डोलतो. वरच्या काही वाड्यांत याच दिवसांत बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, ते रीलमध्ये येत नाही.

जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर, मागे रतनगड, तिथूनच प्रवरा निघते. दुपारी देवळात मी आणि एक म्हातारबाबा, बस्स. खांबांवरचं कोरीवकाम बघायला तासभर कमी पडला.

अंधार पडल्यावर काजवे. झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात, सांगून कळायचं नाही. पण ही रोषणाई आपल्यासाठी नसते हो! नर उजेड दाखवतो, मादी उजेडानेच उत्तर देते, त्यातून पुढची पिढी. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. तेवढ्यात आपण हेडलाइट मारले, मोबाईलचा टॉर्च लावला की त्यांना एकमेकांचा इशाराच दिसत नाही. माद्या बऱ्याचदा गवतात, झुडपांत असतात, तिथेच आपण फोटोसाठी घुसतो. माझ्यासमोर एका गाडीने दिवे लावले आणि अख्खं झाड विझलं. गाडीतले म्हणाले, 'इथे तर काहीच नाही.'

हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. शनिवारच्या गाड्यांवर मर्यादा घाला, गाड्या शेंडीलाच थांबवा, आत गावातल्या पोरांच्या जीपने सोडा. त्यांनाही चार पैसे मिळतील. वनखात्याने आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांनी एकत्र बसलं तर हे पुढच्या हंगामाआधी होऊ शकतं. घोटीच्या चौकात एक मोठा सूचनाफलक लावायला तर आपली ग्रामपंचायतही पुरे. कोण कोण येतंय निवेदन द्यायला? कमेंटमध्ये नाव टाका.