त्या घरच्या म्हणून भांडल्या

गेल ऑम्व्हेट यांनी १९८३ साली अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्यात बसत नाही. एक हवं असेल तर दुसरं सोडावंच लागतं. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासर, वाळवा तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. नवरा भारत पाटणकर डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ चळवळीत उतरलेला. अशा घरात नव्या सुनेला राजकारण वेगळं शिकवावं लागलं नसणार.

जन्म १९४१ चा, मिनियापोलिसचा. मिनेसोटा हे राज्य म्हणजे नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या शेतकरी कुटुंबांची मोठी वस्ती. कार्लटन कॉलेज झाल्यावर त्या बर्कलीला गेल्या. तेव्हा ते विद्यापीठ व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पेटलेलं होतं. तिथून पीएच.डी.साठी त्यांनी जो विषय घेतला, त्याकडे त्या काळी आपल्याच विद्यापीठांतले फार थोडे लोक वळत होते: जोतीराव फुले, सत्यशोधक समाज आणि ब्राह्मणेतर चळवळ. १९७३ मध्ये पदवी मिळाली, १९७६ मध्ये ग्रंथ निघाला. पुढे तो ‘वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड’ या नावानं मराठीतही आला.

परदेशातून येऊन महाराष्ट्रात रुजलेल्या त्या एकट्या नव्हेत. मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या आणि मुलांना वाचायला कसं शिकवावं यात आयुष्य घातलं. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास जन्मभर केला, पण त्यांची नोकरी आणि घर अमेरिकेतच राहिलं. गेलबाईंची वाट निराळी. त्या इथल्या राजकारणात उतरल्या, बाजू घेतल्या, आणि प्रसंगी जवळच्या माणसांचा रोषही ओढवून घेतला.

नाशिककरांना त्यांची आठवण असायला हवी ती चांदवडमुळे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं. माझं गाव त्याच तालुक्यातलं. आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती, फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून. घरातल्या पुरुषाशिवाय घराबाहेर रात्र काढण्याची तिची ती पहिलीच वेळ. परत आल्यावर तिला भाषणं फारशी सांगता आली नाहीत. सांगितली ती गर्दी: मुंबई-आग्रा रस्त्यावर जिकडे पाहावं तिकडे बायकाच बायका. आणि एक प्रश्न घेऊन आली, जमीन कुणाच्या नावावर आहे. तो तिनं घरात सगळ्यांसमोर विचारला. वडिलांनी उत्तर दिलं नाही. आजी मात्र हातातलं काम थांबवून ऐकत राहिली.

डाव्या वर्तुळात तेव्हा शरद जोशींच्या या शेतकरी संघटनेला सधन शेतकऱ्यांची संघटना म्हणून नावं ठेवली जात. गेलबाई स्वतः डाव्या परंपरेतून आलेल्या, तरी या चळवळीकडे त्यांनी गांभीर्यानं पाहिलं. शेतमालाचा भाव पाडला जातो तेव्हा त्याची झळ शेतात राबणाऱ्या बाईलाही लागते, हे त्यांनी मानलं. स्थानिक निवडणुकांत बायकांचीच पॅनेल उभी करायची, हा विचार चांदवडनंतर पुढे आला. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला बायका ग्रामपंचायतीत निवडून आल्या, ‘लक्ष्मीमुक्ती’त बायकांच्या नावावर जमीन करून देण्याची मोहीम सुरू झाली. १९९० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त गेलबाईंनी चांदवड ते विटनेर या प्रवासावर लेख लिहिला. पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. त्या आरक्षणाची गोष्ट सांगताना लोक दिल्लीपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चांदवडच्या मैदानापासून सांगायला हवी, आणि हे आधी लिहून ठेवणाऱ्यांत कासेगावची ही बाई होती.

धरणांच्या वादात त्यांनी आणखी मोठा रोष पत्करला. १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांनी नर्मदेवरच्या मोठ्या धरणांविरुद्ध लेख लिहिला, तेव्हा गेलबाईंनी त्यांना जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं. विस्थापितांना न्याय मिळालाच पाहिजे, पण दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवं आहे त्याचं काय, असा त्यांचा रोख होता. परक्या बाईनं आपल्याला विकास शिकवू नये, असं म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्यामागे सांगलीचा अनुभव उभा होता. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, वाळूच्या मर्यादित विक्रीतून पैसा उभा केला आणि पाणी कुटुंबागणिक सारखं वाटायचं ठरवलं. भूमिहीनांनाही वाटा. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलानं हीच मागणी पुढे ‘समन्यायी पाणीवाटप’ या नावानं गावोगाव नेली.

हे शब्द नाशिकला आता चांगलेच ओळखीचे झालेत. गंगापूर, दारणातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की इथली सगळी चर्चा त्यांच्याभोवती फिरते. बहुतेक वेळा आपण ते वरून लादलेली शिक्षा म्हणून ऐकतो. पाण्यावर हक्क जमिनीच्या मालकाचा की राबणाऱ्या प्रत्येक घराचा, हा त्यामागचा मूळ प्रश्न आपण बाजूलाच ठेवतो. द्राक्षबागांना पाणी हवं हे मीही म्हणतो. बागेत खुरपणाऱ्या मजुराच्या घराचा वाटा कुठे आहे, हेही त्याच दमात विचारलं पाहिजे.

आंबेडकरांवर त्यांनी दोन मोठी कामं केली. १९९४ च्या ग्रंथात वसाहतकाळातल्या दलित चळवळीचा इतिहास आहे, २००४ मध्ये त्यांनी चरित्र लिहिलं. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा या दोन्ही घटना आपल्याच जिल्ह्यातल्या. आपण त्या जयंतीच्या भाषणात ऐकतो. जोतीरावांपासून निघालेल्या एका सलग बंडातल्या पायऱ्या म्हणून त्या पाहायच्या, तर गेलबाईंची पुस्तकं हाती घ्यावी लागतात.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. चांदवड, निफाड, येवल्याच्या कॉलेजांत शिकवणाऱ्या मित्रांना माझी एवढीच विनंती आहे: या वर्षी वर्गात ‘सांस्कृतिक बंड’ वाचायला घ्या, आणि अधिवेशनाला गेलेल्या ज्या बायका अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडे मुलींना वही घेऊन पाठवा.