वीस वॅटचं डोकं

माझ्या डोक्याबद्दल आमच्या घरात कुणाचंच मत फारसं बरं नाही. शाळेत मास्तरांनी त्याला खोक्याची उपमा दिली होती, कचेरीत साहेबांनी मडक्याची. लग्नानंतर उपमा देण्याचे सर्व हक्क आमच्या सौभाग्यवतींकडे गेले. पिशवी विसरून भाजी आणायला जाणं हे कुणीही करील. मी एकदा पिशवी घेऊन परत आलो आणि भाजी मंडईतच राहिली. तेव्हा असल्या डोक्याचा नमुना पुढे ठेवून जगात कुणी यंत्र बनवत असेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

ही बातमी आणली धाकट्या पुतण्याने. तो बंगळूरला चिप्सच्या कंपनीत आहे. (ह्या चिप्स बटाट्याच्या नाहीत, हे समजायला मला दोन वर्षं लागली.) गणपतीला डोंबिवलीला आला होता. चौथ्या मोदकावर तूप घेता घेता म्हणाला, "काका, आम्ही मेंदूच्या धर्तीवर चालणारा संगणक करतोय. न्यूरोमॉर्फिक म्हणतात त्याला."

"कर हो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "फक्त नमुना ह्यांचा घेऊ नकोस. यंत्र उगाच दुकानापर्यंत जाईल आणि कशाला आलो म्हणून दारात उभं राहील."

"काकू, काकांचासुद्धा चालेल. काकांचा मेंदू फक्त वीस वॅटवर चालतो."

वीस वॅट! अहो, आमच्या न्हाणीघरातला जुना पिवळा दिवासुद्धा चाळीसचा होता! मी पानावरून उठण्याच्या बेतात होतो, पण तो म्हणाला, "काका, सगळ्यांचाच वीसवर चालतो. आइनस्टाइनचासुद्धा." तेव्हा मी पुन्हा बसलो.

आता, एकतीस वर्षं मी विजेची बिलं तपासली आहेत. वॅट म्हटलं की माझी बोटं आपोआप हिशेब करू लागतात. वीस गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला अर्धं युनिटही नाही. महिन्याकाठी साडेचौदा युनिटं. शंभर युनिटांचा पहिला टप्पासुद्धा जन्मात ओलांडायचा नाही! आणि एवढ्यात काय काय चालतं? दीड किलोहून थोडं कमी वजनाच्या त्या गोळ्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या चालतात, बोलतात, उधारी लक्षात ठेवतात, आणि सासुरवाडीच्या माणसांची नावं विसरतात.

"मग संगणकालाच एवढी वीज का लागते रे?" मी विचारलं.

पुतण्याने समजावलं, आणि मला चटकन समजलं. कारण तसलंच एक यंत्र मी जवळून पाहिलं होतं. आमच्या कचेरीत हिशेबनीस तिसऱ्या मजल्यावर आणि दप्तरखाना तळमजल्यावर. बेरजेला लागायचं एक मिनिट. फाईल खालून वर यायला आणि वरून खाली जायला अर्धा दिवस. सगळी मेहनत शिपायाच्या पायांची. संगणकातही असंच असतं म्हणे. आठवण एकीकडे, हिशेब दुसरीकडे, आणि मधल्या हेलपाट्यांत वीज खर्ची पडते. जॉन फॉन नॉयमन नावाच्या थोर गणितज्ञाने १९४५ साली हा आराखडा कागदावर मांडला. बहुतेक संगणक अजून त्याच चालीवर चालतात. गंमत म्हणजे, शेवटच्या आजारपणात हाच गृहस्थ संगणक आणि मेंदू ह्यांची तुलना करणारं पुस्तक लिहीत होता. ते पुरं व्हायच्या आत १९५७ साली तो गेला. होतं तेवढं पुस्तक पुढच्या वर्षी छापलं.

मेंदूत शिपाई नाही. तिथे प्रत्येक कारकुनाची फाईल त्याच्याच खणात. दोन चेतापेशी जिथे जुळतात तो जोड हीच आठवण आणि तिथेच हिशेब. वापरात राहिलेला जोड घट्ट होतो, न वापरलेला सैल पडतो. (भाजीचा जोड माझ्यात पहिल्यापासूनच सैल असावा.)

हे सिलिकॉनमध्ये उतरवावं असं १९८०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या कार्व्हर मीड ह्यांच्या मनाने घेतलं. ट्रान्झिस्टरला अगदी जेमतेम वीज दिली की त्यातला प्रवाह चेतापेशीतल्या प्रवाहासारखाच वागतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. थोडक्यात, अर्धपोटी ठेवलं की यंत्र माणसासारखं वागू लागतं. मिशा माहोवाल्ड ही त्यांची विद्यार्थिनी. तिने आणि त्यांनी मिळून डोळ्याच्या पडद्याची नक्कल करणारी चिप तयार केली. त्यातूनच पुढे एक वेगळ्याच जातीचा कॅमेरा निघाला.

साधा कॅमेरा म्हणजे आज्ञाधारक कारकून. समोर नुसती भिंत असली तरी सेकंदाला पंचवीस-तीस फोटो काढून वर पाठवणार: भिंत आहे, भिंत आहे, अजूनही भिंतच आहे. ह्या नव्या कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका मात्र गप्प बसतो. आपल्यापुरता उजेड वाढला किंवा कमी झाला, तरच तो तोंड उघडतो. आमच्या जुन्या चाळीत जिन्यापाशी बसणाऱ्या एक आजी होत्या. रोजची माणसं गेली-आली तर माळ ओढत राहायच्या. पाव्हणा चढला की मात्र "कोण रे?" मेंदूतल्या पेशीही ह्याच वळणाच्या. सांगण्यासारखं असलं तर एक टिचकी मारायची, नाहीतर स्वस्थ बसायचं. वीस वॅटचं दुसरं गुपित ते हे.

आयबीएमने २०१४ साली ह्या रीतीची एक चिप काढली. दहा लाख नकली पेशी, आणि वीज वॅटच्या चौदाव्या हिश्श्याइतकी. २०२४ साली इंटेलने ११५ कोटी पेशींचं यंत्र उभं केलं. त्याला जास्तीत जास्त २,६०० वॅट लागतात. मी लगेच मनातल्या मनात बिल काढलं आणि स्वतःच्या डोक्याकडे जरा आदराने पाहिलं. म्हणजे आरशात पाहिलं.

"पण काका, एक गोम आहे," पुतण्या म्हणाला. "जे बदलत नाही, ते दिसत नाही. आपल्या डोळ्याचंही तेच. बुबुळ सतत बारीक थरथरत असतं म्हणून चालतं. एखादं चित्र पडद्यावर अगदी एकाच जागी स्थिर धरलं, तर थोड्या वेळात ते पुसट होऊन जातं. समोर असूनसुद्धा."

ह्यात मला नवीन काही वाटलं नाही. आमचं घर रुळांना लागून. पाहुणे रात्रभर कुशी बदलतात, आम्हाला गाडी ऐकूच येत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला आम्ही दोघंही दचकून उठून बसलो. ही म्हणाली, "कसला हो आवाज झाला?" आवाज कसलाच झाला नव्हता.

आणि मग मला आठवलं ते मी पुतण्याला सांगितलं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट.

आमचे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, पहाटे पाचला उठायचे आणि उठताच खोकायचे. तपकिरीचा तो खोकला. शेजारी त्यावर घड्याळं लावत, पण घरात तो कुणाला ऐकू येत नसे. आईला तर नाहीच. ती साडेपाचला उठायची. १९८६ सालच्या पावसाळ्यात एका पहाटे आई पाचलाच ताडकन उठली आणि मला हलवून म्हणाली, "अरे, हे खोकले नाहीत." मी वैतागून म्हटलं, "मग बरंच झालं की." दिवा लावला तर वडील जागे होते. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागले नसते. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. बोलणं थोडं जड, खोकला पूर्वीसारखा.

पुतण्या मोदक खायचा थांबला होता.

"तुझा कॅमेरा हे सांगेल का रे?" मी विचारलं. "उजेड गेला तर सांगतो म्हणालास. पण जो खोकला आलाच नाही, त्याची टिचकी कोण मारणार?"

"त्याला आधी त्याची वाट पाहत असावं लागतं, काका," तो म्हणाला. "काय येणार हे मेंदू सारखं ताडत असतो. तेच यंत्रात आणायचं तर अवघड आहे. पुष्कळ जण त्याच्या मागे आहेत."

म्हणजे ज्या खोकल्याकडे तीस वर्षं आईचं लक्ष नाही असं आम्ही समजत होतो, त्याची ती झोपेतसुद्धा वाट पाहत होती. साडेचौदा युनिटांत.

पुतण्या गेला. दुसऱ्या दिवशी मी पहाटे मुद्दाम जागा राहिलो. पाचला स्वयंपाकघराच्या कडीचा आवाज झाला, मग बांगड्यांचा, मग दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा. अडतीस वर्षं हे माझ्या कानांवर पडत असणार. मी जन्मात प्रथम ऐकलं. आता हे रोज ऐकायचं असा पक्का निश्चय करून उठलो.

चहा देताना ही म्हणाली, "आज इतक्या लवकर? बरं नाही का?" आणि कपाळाला हात लावून पाहिला.

निश्चय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा काही ऐकू येत नाही. म्हणजे सगळं ठीक चाललं आहे.